मिल्नरची पिवळी कूपे : घडवायला किती, तयार घ्यायला किती?

जॉर्ज ल्यूकस यांचा ‘अमेरिकन ग्राफिटी’ 1973 साली आला. 1962 सालच्या एका रात्रीची ती गोष्ट. त्यात जॉन मिल्नर नावाचा तरुण एक पिवळी फोर्ड घेऊन गावभर हिंडतो. गाडीचं छप्पर तीन इंच खाली उतरवलेलं, इंजिन उघडं, पुढच्या चाकांवर मोटरसायकलीला असावेत तसे छोटे मडगार्ड. 1932 सालची ही पाच खिडक्यांची कूपे निर्मात्यांनी सुमारे 1,300 डॉलरला घेतली होती. आज ती खासगी मालकाकडे आहे. तिच्यावर जीव जडलेल्यांपुढे एकच मार्ग उरतो, तशीच दुसरी करवून घेणं. अमेरिकेत या कामाला ‘ट्रिब्यूट बिल्ड’ म्हणतात आणि त्यावर आता एक अख्खा धंदा उभा आहे. झेडझेड टॉप या बँडची लाल ‘एलिमिनेटर’ ही 1933 ची फोर्ड आणि 1974 च्या ‘द कॅलिफोर्निया किड’ या टीव्ही चित्रपटातली ज्वाळा रंगवलेली 1934 ची काळी फोर्ड, यांच्याही प्रतिकृती होत असतात. ‘एलिमिनेटर’ची जोड तर दौऱ्यांसाठी बँडनेच करवून घेतली होती.

बे एरियात, टेक्सासात किंवा न्यू जर्सीत स्थिरावलेल्या ज्या मराठी वाचकांच्या मनात असा बेत शिजत असेल, त्यांच्यासाठी हा हिशेब. सगळे आकडे मिल्नरच्या कूपेला धरून मांडले आहेत आणि ते अमेरिकेतल्या बाजाराचे ढोबळ अंदाज आहेत; राज्य, गॅरेज आणि कामाची प्रत यांप्रमाणे ते बरेच खालीवर होतात. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी दिसते. कॅटलॉगमधल्या सुट्या भागांची बेरीज करून जो आकडा निघतो, त्याच्या जवळपास दुप्पट रक्कम शेवटी खिशातून जाते. वरचे पैसे तासांचे, घासाईचे, रंगाचे आणि शिवणीचे असतात. या लेखाचा बराचसा भाग त्याच पैशांबद्दल आहे.

ही गाडी आज नव्याने का करता येते

1932 साली हेन्री फोर्ड यांनी सामान्य माणसाच्या गाडीत आठ सिलिंडरचं ‘व्ही-एट’ इंजिन बसवलं. 221 घन इंच, 65 अश्वशक्ती, आणि गाडीची किंमत पाचशे डॉलरच्या आत. काही वर्षांत याच गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, वजन उतरवलं, कार्बोरेटर वाढवले आणि म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांच्या सपाट जमिनीवर त्या पळवल्या. अशा गाड्या म्हणजेच हॉट रॉड. शर्यतींना शिस्त लावणारी एससीटीए ही संघटना 1937 ची. ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक जानेवारी 1948 चा. पुढे 1932 ची फोर्ड हीच हॉट रॉडची ओळख होऊन बसली. 2014 साली अमेरिकी टपाल खात्याने हॉट रॉडवर तिकिटं काढली, त्यांवरही 1932 च्याच फोर्ड होत्या.

मागणी एवढी टिकून राहिली की पत्र्याची नवी बॉडीसुद्धा आज ठोकून मिळते. ओहायोतली ब्रुकव्हिल कंपनी रोडस्टरच्या, म्हणजे उघड्या टपाच्या गाडीच्या, बॉड्यांसाठी ओळखली जाते, कॅलिफोर्नियातल्या युनायटेड पॅसिफिकने पाच खिडक्यांच्या कूपेची बॉडी काढली, चासिस करून देणारे तर अनेक आहेत. 1932 सालचा एकही खिळा न वापरता 1932 ची फोर्ड उभी करता येते. सोय म्हणून हे उत्तमच आहे, पण पुढे कागदपत्रांत अडचण येते तीही इथूनच.

पैसे देण्याआधी गॅरेजशी काय बोलायचं

‘क्लोन’, ‘ट्रिब्यूट’, ‘रिक्रिएशन’ ही नावं विकणारे हवी तशी वापरतात. म्हणून नावावर जाऊ नका. मूळ गाडीशी काय काय जुळलं पाहिजे ते लिहून काढा. पत्रा की फायबर? इंजिन त्याच जातीचं की नुसतं तसं दिसणारं? ब्रेक जुन्या ड्रमचे की आधुनिक डिस्कचे? गादीचा रंग, चाकांची मापं, उतरवलेलं छप्पर, आखूड केलेली जाळी? यातलं प्रत्येक उत्तर काही हजार डॉलर इकडे किंवा तिकडे करतं.

माझं मत स्पष्ट आहे. दहा फुटांवरून गाडी मिल्नरची दिसली पाहिजे. खाली वाकून पाहिलं तर ती आजच्या माणसाच्या जिवाची काळजी घेणारी असली पाहिजे. 1932 ची फोर्ड मुळात यांत्रिक ब्रेकची, फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक दिले ते 1939 पासून. तिला एअरबॅग नाही, दारात लोखंडी आडवी पट्टी नाही. दोन स्वतंत्र लाइनींचं मास्टर सिलिंडर, पुढे डिस्क ब्रेक, नीट वेल्ड केलेल्या जागी बोल्टने बसवलेले सीट बेल्ट, चांगलं स्टिअरिंग बॉक्स आणि नवी वायरिंग यांवर काटकसर करू नका. ड्रमसारखं दिसणारं आवरण लावून आत डिस्क बसवायची सोय बाजारात आहे. ज्याला जुनं रूप मोडायचं नाही त्याने ती घ्यावी.

चासिस, बॉडी आणि ते उतरवलेलं छप्पर

चाकांवर उभं असलेलं, एक्सल-ब्रेक-स्टिअरिंगसह नवं चासिस 18 ते 28 हजार डॉलरला पडतं. पत्र्याची नवी बॉडी 20 ते 30 हजारांपर्यंत धरा. खरी जुनी, हेन्रीच्या काळातली बॉडी मिळाली तर तिची किंमत तिच्या गंजावर ठरते, आणि स्वस्तात मिळालेली जुनी बॉडी पत्राकामात आपली किंमत वसूल करते. फायबरची बॉडी 10 ते 16 हजारांत येते, बहुतेक वेळा छप्पर आधीच उतरवलेल्या साच्यातली.

पत्र्याची घेतलीत तर छपराचं काम वेगळं. ते कसं होतं हे पाहिलं की मजुरी एवढी का ते समजतं. खिडक्यांच्या मधल्या खांबांतून तीन इंचांची पट्टी कापून काढायची आणि वरचा भाग खाली बसवायचा, एवढं सांगायला सोपं. पण खांब सरळ उभे नसतात, थोडे आत झुकलेले असतात. मधली पट्टी गेली की वरचं टोक खालच्या टोकावर येत नाही. मग खांब किंचित झुकवायचे किंवा छप्पर चिरून ताणायचं, प्रत्येक सांधा थोडा थोडा वेल्ड करत जायचं, कारण एकदम वेल्ड मारलं की उष्णतेने पत्रा लाटांसारखा वाकतो. दारांच्या खिडक्यांच्या चौकटीही तेवढ्याच कापायच्या, आणि कापल्यावर दार पूर्वीसारखंच बंद झालं पाहिजे. 1932 चे खांब नंतरच्या गाड्यांच्या मानाने बरेच उभे आहेत आणि सगळ्या काचा सपाट आहेत, हे आपलं नशीब. सपाट लॅमिनेटेड काच साच्यावर कापून घ्यायला फार पैसे लागत नाहीत. सगळ्या काचा मिळून हजार डॉलरच्या आसपास. छपराचा मधला भाग त्या काळी कापडी असायचा, एवढं मोठं पत्र्याचं छप्पर एका ठोक्यात काढण्याची सोय तेव्हा नव्हती. तो भाग पत्र्याने भरून घ्यायचा असेल तर तेही यातच आलं. चांगला कारागीर या सगळ्याचे 5 ते 10 हजार डॉलर घेतो. त्याहून स्वस्त सांगणाऱ्याचं आधीचं काम, रंगाखालचं नव्हे तर उघड्या पत्र्यातलं, त्याच्या फोटोत पाहा.

इंजिन

मिल्नरच्या गाडीत फोर्डचं इंजिन नव्हतंच. शेव्हरलेचं 327 घन इंचांचं व्ही-एट होतं आणि त्यावर चार रॉचेस्टर कार्बोरेटर. इथे तुमचे पैसे वाचतात. शेव्हीच्या ‘स्मॉल ब्लॉक’चं 350 हे भावंड बाहेरून 327 सारखंच दिसतं आणि खोक्यात बंद, नवंकोरं, वॉरंटीसह 5 ते 8 हजार डॉलरला मिळतं. वरचा चार कार्बोरेटरचा संच जुळवून घेतला की बघणाऱ्याला फरक कळत नाही. त्या कार्बोरेटरांचे 2,500 ते 4,000 वेगळे धरा आणि ते एका सुरात चालवणारा माणूस आधी शोधून ठेवा. खरं 327 शोधून, बोअर करून बांधलंत तर हा सगळा खर्च 10 ते 15 हजारांवर जातो.

जुन्या फोर्डच्या ‘फ्लॅटहेड’चा मोह अनेकांना होतो. त्याचा आवाज आणि रूप दोन्ही देखणं. पण त्याचे ब्लॉक तडकतात, ते तापतं, ते बांधणारे कारागीर थोडे, आणि शेव्हीच्या निम्म्या ताकदीसाठी खर्च दुपटीचा. 1940च्या दशकातल्या तळ्यावरच्या रोडस्टरची प्रतिकृती करायची असेल तर फ्लॅटहेडच हवं, तिथे तडजोड नको. मिल्नरच्या कूपेत मात्र ते बसवणं म्हणजे जास्त पैसे देऊन मूळ गाडीपासून लांब जाणं आहे. गिअरबॉक्ससाठी तीन-साडेतीन हजार धरा. चार गिअरचा जुना घ्या किंवा पाच गिअरचा नवा, महामार्गावर पाचवा गिअर कानांना आणि पेट्रोलला दोन्हीला सुखाचा.

रंग, क्रोम आणि गादी

बहुतेकांचं बजेट फाटतं ते इथेच, कारण तोवर गाडी उभी राहिलेली असते, चालूही झालेली असते आणि मालकाला वाटतं की आता थोडंच राहिलं. खरं तर अर्धं राहिलेलं असतं.

नवी बॉडी आली म्हणजे ती रंगाला तयार आहे असं मुळीच नाही. दारांच्या फटी सारख्या करायच्या, डिकीचं झाकण बसवायचं, आणि हे सगळं बॉडी चासिसवर बसवून, इंजिनचं वजन पडल्यावर करायचं. रीतसर पद्धत अशी की आधी गाडी रंगाशिवाय पूर्ण जोडायची, लागतील ती सगळी भोकं तेव्हाच पाडायची, एक चक्कर मारायची, मग पुन्हा सगळी उकलायची, रंगवायची आणि दुसऱ्यांदा जोडायची. जोडणीचे तास दुप्पट होतात हे खरं. पण जो हा टप्पा गाळतो त्याला रंगावर ड्रिल चालवावं लागतं.

पिवळ्या रंगाची एक गंमत ऐकून ठेवा. पत्र्यातल्या बारीक लाटा काळा रंग चटकन दाखवतो, पिवळा त्या बऱ्याचशा सांभाळून घेतो. पण पिवळा पातळ झाकतो, खालचं दिसू नये म्हणून थर जास्त लागतात आणि अस्तराचा रंगही एकसारखा असावा लागतो. रंगाऱ्याने अंदाज दिला तर तो पिवळ्या रंगासाठीच दिला आहे ना, हे विचारा. वर काचेसारखा पारदर्शक थर न देता एकाच जातीचा युरेथेन मारला तर जुन्या लॅकरच्या जवळचं तेज येतं आणि खर्चही थोडा उतरतो. पत्र्याची किरकोळ दुरुस्ती, लांबी, घासाई धरून 15 ते 25 हजार डॉलर. प्रदर्शनात ठेवायच्या प्रतीचं काम याच्या दुप्पट.

क्रोमचं बिल वजनावर नाही, घासाईवर ठरतं. जुना थर उतरवणं, पॉलिश, तांबं, पुन्हा पॉलिश, निकेल आणि शेवटी क्रोमचा पातळ पापुद्रा. पुढचा एक्सल, दिव्यांच्या वाट्या, पाइप, कंस असं सगळं मिळून 4 ते 8 हजार. कॅलिफोर्नियात राहत असाल तर एक तारीख लक्षात ठेवा. शोभेच्या क्रोमसाठी वापरलं जाणारं हेक्साव्हॅलंट क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं, म्हणून तिथल्या हवा मंडळाने 2023 साली नियम केला आणि अशा कामातून ते 1 जानेवारी 2027 पासून बंद करायचं ठरवलं. काही कारखान्यांना अटींवर 2030 पर्यंत मुदत आहे. ट्रायव्हॅलंट क्रोम हा पर्याय आहे, त्याची छटा थोडी निराळी येते. म्हणून सगळे भाग एकाच ठिकाणी, एकाच प्रक्रियेने करून घ्या. अर्धे इथले अर्धे तिथले केलेत तर शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक डोळ्यांत येईल. नियमाबद्दल माझी तक्रार नाही; त्या टाक्यांजवळ माणसं काम करतात.

गादीकामात मिल्नरची गाडी काळ्या, उभ्या वळ्यांच्या शिवणीची. मूळची लाल-पांढरी होती, चित्रपटासाठी ती काळी करून घेतली. एकेकाळी कॅलिफोर्नियाची पोरं हे काम करून घ्यायला सीमा ओलांडून मेक्सिकोत तिहुआनाला जात, तिथे ते फार स्वस्त होई. आता चांगल्या शिवणाऱ्याचे 7 ते 12 हजार डॉलर होतात. वळ्या दारावरून सीटवर एका रेषेत आल्या आहेत का, एवढं पाहिलं तरी कारागीर ओळखू येतो.

बेरीज

आता एकत्र मांडू. बॉडी 22 हजार, चासिस 22, इंजिन आणि कार्बोरेटर 9, गिअरबॉक्स साडेतीन, चाकं-टायर 3, वायरिंग आणि मीटर 3, काचा 1, टाकी-दिवे-पेडल-नळ्या-बोल्ट असं किरकोळ म्हणवणारं सामान 5. हे झाले साडेअडुसष्ट हजार. छप्पर 7, रंग 20, क्रोम 6, गादी 9 म्हणजे आणखी 42 हजार. विक्रीकर आणि वाहतूक पाच हजार. एकूण सुमारे 1 लाख 15 हजार डॉलर, रुपयांत एक कोटीच्या घरात, आणि यात जोडणी तुम्ही स्वतः केलीत असं धरलं आहे. वर पंधरा-वीस टक्के अडीअडचणीला ठेवा.

जोडणीही गॅरेजकडून करून घ्यायची असेल तर आणखी 700 ते 900 तास लागतात. तासाला 90 ते 140 डॉलर हा साधारण दर. मधला आकडा घेतला तरी 90 हजार वाढतात आणि पूर्ण गाडी दोन लाखांच्या पुढे जाते. नावाजलेल्या गॅरेजातून, पोमोनाच्या ग्रँड नॅशनल रोडस्टर शोमध्ये ठेवावी अशी गाडी हवी असेल तर पाच लाख डॉलरही पुरतील असं सांगता येत नाही.

फायबरची बॉडी, ऑटोमॅटिक गिअर, साधा रंग, मोजकं क्रोम आणि सगळं काम घरच्या गॅरेजात, असं केलं तर 65 ते 80 हजारांत गाडी रस्त्यावर येते. मॅसॅच्युसेट्सच्या फॅक्टरी फाइव्ह कंपनीची ‘33’ ही जोडणी संचात मिळते आणि नवशिक्याला ती बरी. पण ती आपल्या जागी वेगळी, आधुनिक गाडी आहे, मिल्नरची नव्हे. घरी काम करणार असाल तर सोसायटीचे, म्हणजे तिथल्या एचओएचे नियम आधी वाचा. अनेक ठिकाणी घरी मोठी दुरुस्ती करायला आणि अर्धवट गाडी दिसेल अशी ठेवायला बंदी असते.

उक्तं काम की तासावर

पूर्ण गाडीचं उक्तं काम घेणारे थोडे; बहुतेक गॅरेज तासावर काम करतात आणि दर महिन्याला बिल पाठवतात. तासावर द्यायला हरकत नाही, पण चार गोष्टी लेखी हव्यात. टप्पे कोणते आणि प्रत्येकाची कमाल रक्कम किती. ती ओलांडायच्या आधी तुमची संमती. दर आठवड्याला फोटो. आणि विकत घेतलेला प्रत्येक भाग तुमच्या नावाच्या बिलावर. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. गॅरेज बुडालं, मालक आजारी पडला किंवा भांडण झालं, तर आतली बॉडी आणि इंजिन कुणाचं याचा पुरावा तुमच्याकडे ती बिलंच असतात. सुरुवातीलाच निम्मी रक्कम मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. बॉडी-चासिसचे पैसे थेट त्या कंपनीला भरा, गॅरेजला फक्त झालेल्या कामाचे.

टायटल, नंबर आणि विमा

नव्या बॉडीची, नव्या चासिसची गाडी 1932 ची नसते. तिला ‘1932 फोर्ड’ म्हणून जुनं टायटल चिकटवणं हा गुन्हा आहे, आणि असं जुळवलेलं कागदपत्र विकणारे बाजारात आहेत. मूळ 1932 च्या फोर्डचा नंबर चासिसच्या डाव्या पट्टीवर ठोकलेला असतो. विकणारा ‘खरी 32’ म्हणत असेल तर तो नंबर दाखवायला सांगा. टायटलवर एक आणि लोखंडावर दुसरा किंवा काहीच नाही, असं असेल तर गाडी जप्त होण्याचा धोका विकत घेणाऱ्याच्या माथी येतो.

प्रामाणिक मार्ग सोपा आहे. अनेक राज्यांत प्रतिकृती गाडीची नोंद ती ज्या वर्षाच्या गाडीसारखी दिसते त्या वर्षाची ‘प्रतिकृती’ म्हणून करता येते. कॅलिफोर्नियात एसबी 100 या कायद्याखाली दरवर्षी 500 खास बांधणीच्या गाड्यांना धुराच्या तपासणीत बॉडीच्या किंवा इंजिनच्या वर्षाप्रमाणे वागवण्याची सवलत मिळते. पहिल्या येणाऱ्याला पहिलं, म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करायचा. प्रत्येक मोठ्या वस्तूचं बिल नोंदणीच्या वेळी मागतात; वर म्हटलेली बिलं इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतात. 2015 च्या केंद्रीय कायद्याने छोट्या कंपन्यांना वर्षाला 325 पर्यंत तयार प्रतिकृती गाड्या विकण्याची वाट करून दिली आहे, त्यामुळे पूर्ण तयार गाडी कंपनीकडूनच घेत असाल तर तिची या कायद्याखाली नोंद आहे का ते विचारा.

विमा साध्या गाडीचा घेऊ नका. अपघात झाला की ती कंपनी बाजारभाव आणि घसारा काढत बसेल. हॅगर्टीसारख्या जुन्या गाड्यांच्या विमेवाल्यांकडे ‘ठरलेल्या किमती’चा विमा मिळतो, किंमत आधी ठरते, गाडी पूर्ण गेली तर तेवढे पैसे मिळतात. अटी असतात: गाडी बंद गॅरेजात, रोजच्या कामावर जायला नाही, घरात दुसरी गाडी हवी.

तयार गाडी

ज्याला ही गाडी चालवायची आहे त्याने ती तयारच घ्यावी. फायबरची चांगली तयार कूपे 30 ते 45 हजारांत, पत्र्याची 50 ते 80 हजारांत मिळते. म्हणजे आधीच्या मालकाने घातलेल्यातले निम्मे पैसे तुम्हाला द्यावेच लागत नाहीत. हिरोहाता मर्क्युरीसारखी खरी ऐतिहासिक गाडी 2022 च्या लिलावात खरेदीदाराच्या शुल्कासह वीस लाख डॉलरच्या वर गेली, ते त्या गाडीच्या इतिहासाचे पैसे होते. प्रतिकृतीला तो इतिहास नसतो. गुंतवणूक म्हणून कुणी प्रतिकृती विकत असेल तर तिथून उठा.

पाहायला जाताना चुंबक घेऊन जा, पत्रा म्हणून सांगितलेल्या दारावर फिरवा. गाडी थंड असताना चालू करायला लावा, मग वाहतुकीत अर्धा तास फिरवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. खाली वाकून ब्रेकच्या नळ्या आणि वेल्ड पाहा. वायरिंगचा नकाशा मागा; नकाशा नसेल तर किंमत दोन हजारांनी उतरवून मागा. स्वतः घडवण्यात ज्यांना आनंद आहे, ज्यांच्याकडे जागा आहे आणि तीन-चार वर्षं शनिवार-रविवार द्यायची तयारी आहे, त्यांनीच बांधणीच्या वाटेला जावं. त्यांना मिळणारं सुख खरं आहे.

आणि भारतात?

पुण्या-मुंबईत अशी गाडी आणून चालवण्याचा विचार असेल तर तो इथेच थांबवा. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंद पन्नास वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ रूपातल्या गाडीला मिळते. 20,000 रुपये शुल्क आणि ‘व्हीए’ मालिकेचा नंबर. चासिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. हॉट रॉडमध्ये तर तिन्ही बदललेले असतात. इथल्या गाडीवर हे काम करावं म्हटलं तर उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीची नोंद होणार नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल आहे. म्हणून हा छंद अमेरिकेत राहणाऱ्यांनी तिथेच करावा.

हाताशी 1 लाख 35 हजार डॉलर मोकळे असतील आणि वेळही असेल, तर पत्र्याची कूपे स्वतः बांधा. तेवढे नसतील तर 60 हजारांची तयार गाडी शोधा आणि उरलेल्यातले पाच हजार ब्रेक, बेल्ट आणि वायरिंगवर घाला. दोन्हींत, टायटलवरचा नंबर लोखंडावर स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय विसार देऊ नका.